मोस्तार: तीन तास पुरतात का? आणि युद्धाच्या खुणा बघायला जावं का?

मृण्मयी_के
नमस्कार मंडळी. सप्टेंबरात आम्ही क्रोएशियाला चाललोय. मी, नवरा, नववीतला लेक आणि सासूसासरे. दुब्रोवनिकला मुक्काम आहे आणि तिथला झाडून प्रत्येक टूरवाला 'मोस्तार डे ट्रिप' विकतोय. बोस्नियातलं नेरेत्वा नदीवरचं गाव, उंच कमानीचा दगडी पूल, वरून उड्या मारणारी पोरं, फोटो सगळ्यांनी बघितलेला असतो.
दोन प्रश्न आहेत. पहिला सरळ आहे: टूरवाले गावात तीन-साडेतीन तास देतात, तेवढे पुरतात का रात्री राहावं? दुसरा जरा अडचणीचा. नवऱ्याचं म्हणणं असं की जिथे तीस वर्षांपूर्वी माणसं मेली तिथल्या भिंतींवरच्या गोळ्यांच्या भोकांसमोर उभं राहून फोटो काढायचे हे त्याला पटत नाही, पूल बघू, जेवू, परत येऊ. मला वाटतं एवढं लांब जायचं आणि लेकाला त्यातलं काहीच दाखवायचं नाही हे पण बरोबर नाही. रोज जेवताना हाच विषय चाललाय, त्यामुळे तुम्हीच सांगा.
सासूबाई शुद्ध शाकाहारी आणि सासऱ्यांचा गुडघा दुखरा, हेही लक्षात असू द्या.

पावटा
जागा धरून ठेवतो. जाणकार येतीलच.

सह्यकडा
रात्री राहा. यात विचार करण्यासारखं काही नाही. दहा-साडेदहानंतर दुब्रोवनिक आणि स्प्लिटच्या बसेस माणसं ओतायला लागतात, पूल मुळात चारच मीटर रुंद, त्यात काठ्यांवर मोबाईल लावलेली मंडळी. संध्याकाळी बसेस निघाल्या की तेच गाव वेगळं दिसतं.
आता दुसऱ्या प्रश्नाबद्दल. टूरचा गाइड पुलाच्या एका टोकाला उभं करून सांगतो की इकडे बॉस्नियाक मुसलमान, तिकडे क्रोएट कॅथलिक, मधे नदी, आणि पूल म्हणजे दोघांना जोडणारं मैत्रीचं प्रतीक. ऐकायला छान आहे पण तसं नाहीये. १९९३ साली पुलाची दोन्ही टोकं बॉस्नियाकांच्याच हातात होती. लढाईची रेषा नदीवर नव्हतीच, ती पश्चिमेला थोडं आत बुलेवार नावाच्या मोठ्या रस्त्यावर होती. पुलापासून रमतगमत दहा-बारा मिनिटं. डे ट्रिपवाल्यांपैकी शंभरातले नव्वद तिथपर्यंत जातच नाहीत, आणि मोस्तार समजून घ्यायचं तर तेच बघायला पाहिजे.
बुलेवारच्या एका अंगाला नवीन काचेच्या इमारती, मॉल, बँका, आणि त्यांच्याच मधे छप्पर नसलेली, आतून झाडं उगवलेली घरं. शेजारच्या आलेक्से शांतिचा रस्त्यावर अशी घरं अजून बरीच आहेत. श्पान्स्की त्रग म्हणजे स्पॅनिश चौकाजवळ एक मोठी त्रिकोणी काँक्रीटची इमारत आहे, ती युद्धाआधी बँकेसाठी बांधलेली, युद्धात वर स्नायपर बसायचे. लोक तिला स्नायपर टॉवर म्हणतात. चौकाला नाव स्पेनच्या शांतिसैनिकांवरून, तिथे मारल्या गेलेल्यांची नावं दगडावर आहेत.

कुजकट_कार्टं
सासरे गुडघा दुखरा, सासूबाई शाकाहारी, नवरा तत्त्वनिष्ठ, लेक नववीत. मृण्मयीताई, तुम्ही बाल्कनचं युद्ध बघायला एवढ्या लांब कशाला जाताय?

मृण्मयी_के
कुजकट 😂 हे नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला या माणसाचंच ऐक.
सह्यकडा, खूप धन्स. नदीबद्दल मी पण तसंच समजत होते.

झाग्रेबकर
प्रतीकं वगैरे नंतर, आधी व्हिसा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच सामायिक व्हिसावर चालणाऱ्या देशांच्या गटात आहे आणि बोस्निया नाही. म्हणजे दुब्रोवनिकहून मोस्तारला गेलात की तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडलात, परत येताना पुन्हा शेंगेनमध्ये एंट्री. सिंगल एंट्री व्हिसा असेल तर परत येताना सीमेवरच अडकाल आणि दुब्रोवनिकच्या हॉटेलात बॅगा तशाच राहतील. मल्टिपल एंट्री पाहिजेच. तो असला की बोस्नियाचा वेगळा व्हिसा सहसा लागत नाही, तरी नियम बदलत असतात, निघायच्या आधी त्यांच्या परराष्ट्र खात्याच्या साइटवर स्वतः वाचा, टूरवाल्याच्या शब्दावर जाऊ नका.
पैसे: तिकडे कन्व्हर्टिबल मार्क चालतो, एका युरोला साधारण १.९६. जुन्या बाजारात युरो घेतात पण सुटे मार्कमध्ये देतात आणि ते परत आल्यावर कुणी विचारत नाही, त्यामुळे थोडेच बदला.
मी झाग्रेबला नोकरीनिमित्त असतो. इथल्या सहकाऱ्यांसमोर मोस्तारचा विषय मी स्वतःहून काढत नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत निघाला होता, अर्ध्या टेबलाने ताटं उचलली.

पावटा
>> अर्ध्या टेबलाने ताटं उचलली
का पण? क्रोएट तर दुसऱ्या देशातले ना?

झाग्रेबकर
देश वेगळा, पण मोस्तारच्या क्रोएटांचे नातेवाईक इकडे, पासपोर्ट इकडचे. युद्धात तिथल्या क्रोएट सेनेला, म्हणजे एचव्हीओला, झाग्रेबची मदत होती. आणि २०१७ मध्ये हेगच्या कोर्टात, म्हणजे युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात, जे झालं ते इथे टीव्हीवर लाइव्ह दिसलं. बोस्नियातल्या क्रोएटांच्या सहा नेत्यांचं अपील होतं, त्यातल्या स्लोबोदान प्राल्याकची वीस वर्षांची शिक्षा कायम झाल्याचं न्यायाधीशांनी वाचलं आणि त्याने कोर्टातच बाटलीतलं विष घेतलं. त्याच दिवशी गेला. इथे काहींच्या लेखी तो हीरो, काहींच्या लेखी गुन्हेगार. तेव्हापासून मी ऑफिसात फुटबॉलवरच बोलतो.

नाना_नागपूरकर
म्हणजे मुसलमान अन ख्रिश्चन यांचं भांडण, यात नवीन काय हाय बे? जगात सगळीकडे तेच चालू हाय.

सह्यकडा
नाना, एवढं सोपं असतं तर बरं झालं असतं. मोस्तारमध्ये एकापाठोपाठ दोन युद्धं झाली. १९९२ च्या वसंतात युगोस्लाव्ह सैन्य (बोस्निया, क्रोएशिया आधी ज्यात होते त्या फुटत चाललेल्या देशाचं) आणि सर्ब, म्हणजे तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या फौजांनी गावाला वेढा घातला, डोंगरावरून तोफा डागल्या, तेव्हा क्रोएट आणि बॉस्नियाक एका बाजूने लढत होते. नेरेत्वावरचे बाकीचे पूल तेव्हाच गेले. सर्ब फौजा मागे हटल्या, गावातले सर्बही बहुतेक निघून गेले, त्यांचं मोठं ऑर्थोडॉक्स कॅथेड्रल त्याच वर्षी उडवलं गेलं आणि त्याची पुनर्बांधणी वर्षानुवर्षं चाललीये. मग ९ मे १९९३ ला कालचे मित्र एकमेकांवर उलटले. एचव्हीओने पश्चिमेकडच्या बॉस्नियाकांना घराबाहेर काढलं, कुणाला छावणीत डांबलं, कुणाला रेषेपलीकडे पूर्वेला हाकललं. पूर्व भागात पन्नासेक हजार माणसं कोंबलेली, पाणी नाही, वीज नाही, वरून तोफा. १९९४ च्या मार्चमध्ये वॉशिंग्टन करार झाला तेव्हा ते थांबलं.
१९९१ च्या जनगणनेत मोस्तारात सव्वा लाख लोक होते, बॉस्नियाक आणि क्रोएट जवळजवळ सारखे, सर्ब १९ टक्के, आणि दहा टक्के लोकांनी स्वतःला नुसतं 'युगोस्लाव्ह' लिहिलेलं. २०१३ च्या जनगणनेत एक लाख पाच हजार, सर्ब चार टक्क्यांच्या आसपास. धर्माचं भांडण म्हणून मोकळं होता येतं, पण हे दहा टक्के लोक त्यात कुठल्या बाजूला बसवायचे?

नाना_नागपूरकर
हे माहीत नव्हतं. मागे घेत नाही पण थोडा थांबतो 😀

तुळस_ठाणे
माझी भाची तिथे दोन वर्षं शिकली म्हणून लिहिते. मुळशीजवळ पौडला महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे ना, त्याच साखळीतलं एक कॉलेज मोस्तारला २००६ पासून आहे. स्पॅनिश चौकातच, गिम्नाझिया नावाच्या जुन्या शाळेच्या इमारतीत. ऑस्ट्रियन राजवटीतली पिवळट-नारिंगी, मूरिश कमानींची इमारत, फार देखणी, युद्धात पार भाजून निघालेली. सह्यकडा म्हणतात त्या रेषेवर.
तर त्या एकाच इमारतीत स्थानिक मुलांची शाळा पण भरते आणि तिथे क्रोएट अभ्यासक्रमाचे वर्ग वेगळे आणि बॉस्नियाक अभ्यासक्रमाचे वेगळे. भाषा म्हणाल तर सगळ्यांना एकमेकांची कळते, इतिहास भूगोल मात्र वेगळा. भाचीच्या वर्गात गावातल्या दोन्हीकडच्या मुली होत्या. त्यातली एक, पश्चिमेकडची, हॉस्टेलला यायच्या आधी जुन्या पुलावर फक्त शाळेच्या सहलीबरोबर गेली होती. गाव तेच हो, चालत जाण्याएवढं. भाची आधी हसली, मग म्हणाली की मावशी ती मुलगी चांगली होती, तिला कुणी जाऊ नको म्हटलेलं पण नव्हतं, जायचं काही कारणच पडलं नव्हतं. बाजार इकडे, दवाखाना इकडे, कॉलेज इकडे, मित्र इकडे.
युनिव्हर्सिट्या पण दोन आहेत. फुटबॉल क्लब दोन. बसस्टँड पण.

कुजकट_कार्टं
फुटबॉल क्लब दोन असणं हे काही युद्धाचं लक्षण नाही हो, मँचेस्टरला पण दोन आहेत.

तुळस_ठाणे
कुजकट, इथलं वेगळं आहे. वेलेझ हा गावाचा जुना क्लब, लाल जर्सी, युद्धाआधी तिन्ही समाजांचे लोक त्याचे. त्याचं स्टेडियम पश्चिमेला होतं, युद्धानंतर ते झ्रिन्यस्कीकडे गेलं, तो क्रोएटांचा क्लब. वेलेझ आता गावाबाहेर व्रापचिचीला खेळतो. डर्बीच्या, म्हणजे या दोघांच्या सामन्याच्या दिवशी पोलीस बंदोबस्त बघून भाचीने बाहेर पडायचं टाळलं होतं.

फौजी_साताऱ्याचा
धागा चांगला चाललाय म्हणून एक माहिती. युगोस्लाव्हियात संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना गेली, अनप्रोफॉर, तिचे पहिले कमांडर आपले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. मार्च १९९२ ते मार्च १९९३. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी, १९७१ चे वीरचक्रवाले. मुख्यालय सुरुवातीला सारायेवोत होतं आणि तिथेच युद्ध पेटलं, मग हलवावं लागलं. आमच्या रेजिमेंटच्या माणसाने हे सगळं सुरुवातीपासून बघितलंय याचा अभिमान वाटतो, आणि शांतिसेनेचे हात किती बांधलेले असतात तेही त्यातून कळतं. समोर दिसतंय आणि आदेश फक्त बघायचा. ज्याने वर्दी घातली नाही त्याला ते सांगून कळायचं नाही.

पावटा
हे खरंच माहीत नव्हतं. सलाम.

नाना_नागपूरकर
फौजीभाऊ एक नंबर. शाळेत आपल्याला हे कधी शिकवलं नाही.

वकील_आजोबा
सह्यकडा यांनी पुलाची दोन्ही टोकं एकाच बाजूच्या हातात होती हे लिहिलं त्यात एक कायदेशीर गंमत दडलेली आहे, ती कुणी काढली नाही म्हणून लिहितो. ९ नोव्हेंबर १९९३ ला एचव्हीओच्या रणगाड्याच्या माऱ्याने पूल पडला. १५६६ मध्ये पूर्ण झालेला, ऑटोमन तुर्कांच्या सुलतान सुलेमानच्या हुकमाने मिमार हैरुद्दीनने बांधलेला, हा हैरुद्दीन थोर वास्तुकार सिनानचा शिष्य. सव्वाचारशे वर्षं उभी असलेली वस्तू. हेगच्या खालच्या पीठाने २०१३ मध्ये म्हटलं की पूल लष्करी उपयोगाचा होता हे खरं, पण तो पाडल्याने नागरिकांचं झालेलं नुकसान प्रमाणाबाहेर होतं, सबब गुन्हा. २०१७ च्या अपिलात तो भाग रद्द झाला. अपील पीठाचं म्हणणं, पूल लष्करी लक्ष्य होता हे एकदा मान्य केलंत की त्याचा विध्वंस निरर्थक होता असं म्हणता येत नाही. बाकीचे बहुतेक आरोप आणि शिक्षा कायम राहिल्या, फक्त पुलाचा गुन्हा कुणाच्याच नावावर लागला नाही. एका न्यायाधीशाने भिन्नमत नोंदवलं.

सह्यकडा
आजोबा, तुमचं मत काय पण? पूर्वेकडच्या कोंडलेल्या लोकांचं पाणी, औषधं त्याच पुलावरून पलीकडच्या चिमूटभर भागात जायची. वर टायर, पत्रे, लाकडं बांधून लोकांनी तो वाचवायचा प्रयत्न केला होता. त्याला निव्वळ लष्करी लक्ष्य म्हणायचं?

वकील_आजोबा
माझं मत खालच्या पीठासारखं आहे. पण निकाल काय लागला हे मताप्रमाणे सांगायचं नसतं.

गवतीचहा
मला मृण्मयीच्या नवऱ्याची बाजू घ्यायचीये, कारण इथे सगळे त्याच्यावर तुटून पडायच्या बेतात दिसतात.
कुयुंजिलुक म्हणजे पुलाजवळचा तांबटांचा जुना बाजार, तिथे तांब्याच्या कॉफीच्या भांड्यांशेजारी गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्यांचे पेन, किचेन, छोटी विमानं विकायला असतात. पुलाजवळ एक दगड आहे, त्यावर इंग्रजीत '९३ विसरू नका असं रंगवलंय, त्याच्यावर हात ठेवून, दोन बोटं दाखवून फोटो. मी स्वतः बघितलंय. त्यामुळे त्याला जे किळसवाणं वाटतंय ते चूक नाही.
पण मग नुसता पूल बघून यायचं हा त्यावर उपाय नाही, उलट तीच सगळ्यात मोठी फसवणूक आहे, कारण तो पूल २००४ चा आहे. त्याच टेनेलिया दगडाचा, जुन्या पद्धतीने घडवलेला, नदीतून हंगेरियन पाणबुड्यांनी काही जुने दगड काढले होते, सगळं खरं. २३ जुलै २००४ ला खुला झाला, २००५ मध्ये युनेस्कोच्या यादीत. सुंदर आहे. पण फक्त तोच बघितला तर 'पडलं, परत बांधलं, सगळं ठीक' एवढंच घेऊन माणूस घरी येतो.
त्यापेक्षा असं करा. बुलेवारवर चालत जा, कॅमेरा खिशात ठेवा. तिथल्या भोकं पडलेल्या इमारतीत लोक राहतात, खाली दोरीवर कपडे वाळत असतात, कुणाच्या घराकडे टक लावून बघू नका. जुन्या भागात एका बागेचं कब्रस्तान झालंय, पांढरे दगड, सगळ्यांवर साल १९९३. लेकाला तिथे घेऊन जा, काही बोलायची गरज नाही, तो जन्मसाल वजा करेल. युद्धात मेलेल्यांचं एक छोटं म्युझियम पण आहे, तिथे मारल्या गेलेल्या माणसांच्या साध्या वस्तू ठेवल्यात, ते मात्र जड आहे, आधी तुम्ही बघा मग ठरवा.

मृण्मयी_के
गवतीचहा, हे दोघांनी मिळून वाचलं. नवरा म्हणाला पेनांबद्दलच मला म्हणायचं होतं. (त्याने पेनांबद्दल कधीच ऐकलेलं नव्हतं.)

कुजकट_कार्टं
नवरे असेच जिंकतात.

रानजाई
मी जरा वेगळं सांगते. आम्ही मोस्तारऐवजी विशेग्रादला गेलो होतो, द्रीना नदीवर, सिनानने स्वतः बांधलेला अकरा कमानींचा पूल, सोळाव्या शतकातला, तो पण युनेस्कोत आहे. मोस्तारपेक्षा मोठा आणि माझ्या मते जास्त भारदस्त. गर्दी नाही. पण १९९२ मध्ये त्या पुलावर बॉस्नियाक लोकांना आणून मारलं आणि नदीत टाकलं, आणि गावात त्याबद्दल बाहेरच्याला कळेल असं फारसं काही लिहिलेलं नाही. मोस्तारमध्ये निदान भोकं दिसतात. विशेग्राद नीटनेटकं आहे, फुलांच्या कुंड्या आहेत, आणि तेच अंगावर येतं.
तिथे राहणार असाल तर एक सांगते. गावाबाहेर जंगलात विलिना व्लास नावाचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं स्पा हॉटेल आहे, युद्धात तिथे बायकांना कोंडून अत्याचार झाले, त्यातल्या कित्येक परत आल्या नाहीत. युद्धानंतर ते परत स्पा म्हणून सुरू झालं. बुकिंगच्या साइटवर हे कुणी लिहीत नाही. आम्हाला निघायच्या आदल्या आठवड्यात एका ओळखीच्यांनी सांगितलं, बुकिंगचे पैसे बुडाले, बुडू दे म्हटलं. त्यामुळे कुठेही राहायच्या आधी जागेचं नाव आणि १९९२ एवढं टाकून शोधा.

पावटा
बाप रे.

सह्यकडा
रानजाई +१. हे सगळ्यांनी वाचायला पाहिजे.

नाना_नागपूरकर
एक विचारू का, मग आता तिथं कारभार कोण चालवतं? दोन पार्ट्या, दोन बसस्टँड, महापौर पण दोन का?

झाग्रेबकर
महापौर एकच. २००४ मध्ये गाव कागदावर एक केलं, त्याआधी वेगवेगळ्या पालिका होत्या. पण मतदानाच्या नियमांवरून एवढं अडलं की २००८ नंतर थेट डिसेंबर २०२० ला महापालिकेची निवडणूक झाली. एका स्थानिक बाईने युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात जाऊन २०१९ मध्ये केस जिंकली तेव्हा कुठे हललं. मधल्या काळात कचऱ्यावरून लोक रस्त्यावर यायचे.

नाना_नागपूरकर
आमची नागपूर महापालिका पण वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हातात होती. आम्ही तर एकमेकांवर गोळ्या पण नाही झाडल्या.

कुजकट_कार्टं
😂😂 नाना फॉर्मात.

दगडफूल
अवांतर: मोस्तारमध्ये २००५ साली ब्रूस लीचा पुतळा बसवला होता, सोनेरी ब्राँझचा! कारण काय तर क्रोएट, बॉस्नियाक, सर्ब, तिघांनाही चालेल असा एकच माणूस सापडला. हाँगकाँगच्या पुतळ्याच्या एक दिवस आधी याचं अनावरण झालं. आणि लगेचच त्याची पण नासधूस झाली.

कुजकट_कार्टं
आपल्याकडे प्रयत्न करून बघा. पुतळा बसायच्या आधी ब्रूस लीची जात काढतील.

दगडफूल
याला अनुमोदन.

फौजी_साताऱ्याचा
सगळ्यांचे पुतळे, स्मारकं वाचवायला माणूस लागतोच. तिथल्या पार्टिझन स्मारकाबद्दल कुणी लिहिलं नाही?

सह्यकडा
हो फौजी, राहिलंच. पश्चिम भागात टेकडीवर पार्टिझन सैनिकांचं स्मारक-कब्रस्तान आहे, १९६५ चं, दुसऱ्या महायुद्धात नाझी आणि त्यांच्या स्थानिक साथीदारांविरुद्ध लढून मेलेली मोस्तारची पोरं, सर्व समाजांची, शेजारी शेजारी. बोग्दान बोग्दानोविच या वास्तुकाराने उतारावर दगडी पायऱ्यापायऱ्यांचं शहरच बांधलंय. वर्षानुवर्षं तिथे तोडफोड, घोषणा रंगवणं चाललेलंच होतं, आणि जून २०२२ मध्ये रातोरात जवळपास सातशे नावांचे दगड फोडले. म्हणजे या युद्धाशी संबंध नसलेल्या माणसांचे. नवीन पिढीतल्या कुणीतरी. ज्यांना वाटतं की आता फक्त जुनी भोकं उरलीयेत त्यांनी हे बघावं. मृण्मयी, सासरे मात्र तिथे नकोत, पायऱ्या फार आहेत आणि एकट्यादुकट्याने संध्याकाळी जाऊ नका.

रानजाई
गुडघ्यावरून आठवलं. पुलाचा दगड वापरून वापरून तुळतुळीत झालाय आणि चढ चांगलाच आहे. आडव्या दगडी पट्ट्या मारल्यात तरी पाय सटकतो, पावसात तर विचारू नका. सासऱ्यांना रबरी तळाचे बूट, आणि सकाळी आठच्या आत न्या म्हणजे कठडा धरून चालता येईल. नाहीतर त्यांना नदीकाठच्या एखाद्या गच्चीवर कॉफी घेऊन बसवा, पूल तिथूनच जास्त छान दिसतो. तांब्याच्या जेझ्व्यात, म्हणजे लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात कॉफी येते, बाजूला साखरेचा खडा आणि लोकुम (मऊ तुर्की मिठाई). गाळ खाली बसू द्यायचा, ढवळायचं नाही.
उड्या मारणारे लोक आधी टोपी फिरवतात, पुरेसे पैसे जमल्याशिवाय उडी नाही. वीस मीटरच्या वर उंची आहे आणि नेरेत्वा उन्हाळ्यातसुद्धा बर्फासारखी गार. लेकाने हट्ट केला तर सरळ नाही म्हणा, टुरिस्ट लोक जखमी होतात.

तुळस_ठाणे
आणि सासूबाईंसाठी: 'बुरेक' म्हणून काही मागायचं नाही, तिकडे बुरेक म्हणजे मांसाचाच. चीजचं हवं तर सिर्नित्सा, पालकाचं झेल्यानित्सा, बटाट्याचं क्रोम्पिरुशा. भाचीने दोन वर्षं याच्यावर काढली. बेकरीत तूप नाही पण कधीकधी चरबी वापरतात, तेवढं विचारून घ्या. गोडात तुफाहिया, अक्रोड भरून शिजवलेलं सफरचंद, सासूबाईंना नक्की आवडेल.

मृण्मयी_के
तुळसताई, 'चरबी नको' हे कसं विचारायचं तेवढं भाचीला विचारून टाका ना, सासूबाईंना तिथे उपाशी बघणं मला परवडणार नाही.

गवतीचहा
पडक्या इमारतींबद्दल एक राहिलं. लेक नववीतला म्हणजे त्याला स्नायपर टॉवरवर चढायचं असणार, यूट्यूबवर शंभर व्हिडिओ आहेत. आत कठडे नाहीत, लिफ्टचे खड्डे उघडे, काचा. अजिबात नाही. आणि गावाबाहेर डोंगरात फिरताना पायवाट सोडायची नाही, देशात अजून सुरुंग आहेत, कवटीचं चित्र असलेली लाल पाटी दिसली की मागे. गावात, मुख्य रस्त्यांवर, ब्लागायला काही भीती नाही.

पावटा
ब्लागाय काय आहे?

सह्यकडा
मोस्तारपासून बारा-एक किलोमीटर. उभ्या कड्याच्या पोटातून बुना नदी एकदम पूर्ण पात्रानिशी बाहेर येते आणि तिच्या तोंडाशी दर्ग्यासारखा सूफी मठ आहे. रात्री राहिलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी करा. टूरवाले त्याला वीस मिनिटं देतात.

मृण्मयी_के
अपडेट देते. दुब्रोवनिकची एक रात्र कमी करून मोस्तारला एक रात्र घेतली, हॉटेलचं नाव आणि १९९२, १९९३ दोन्ही टाकून शोधलं. व्हिसा मल्टिपल एंट्रीच मागितलाय. पहिल्या दिवशी संध्याकाळी पूल, दुसऱ्या दिवशी सकाळी मी, नवरा आणि लेक बुलेवारवर, सासूसासरे कॉफी. नवऱ्याची अट: कॅमेरा हॉटेलात. मी म्हटलं चालेल, त्यावर लेक म्हणाला मोबाईल पण का? त्यावर चर्चा चालू आहे.

झाग्रेबकर
छान. जाताना सीमेवर गाडीत बसून राहायला पाणी आणि खाऊ जवळ ठेवा, सप्टेंबरात पण रांग लागते. आणि टॅक्सीवाल्याला, वेटरला 'तू कुठल्या बाजूचा' असं विचारू नका, त्यांनी स्वतःहून सांगितलं तर ऐका.

नाना_नागपूरकर
मृण्मयीताई, आल्यावर लिहाच. अन ते पुंगळीवालं पेन एक माझ्यासाठी... नाही, राहू द्या, गवतीचहा मारतील.

गवतीचहा
मारेनच. शिवाय विमानतळावर सिक्युरिटीवाले काढून घेतील आणि अर्धा तास प्रश्न विचारतील ते वेगळं. नानांना जेझ्वा आणा, तांबट अजून स्वतः ठोकून बनवतात, भाव थोडा करता येतो.

तुळस_ठाणे
भाचीचं उत्तर आलं मृण्मयी: 'बेझ मास्ती' म्हणजे चरबीशिवाय, 'बेझ मेसा' म्हणजे मांसाशिवाय. कागदावर लिहून सासूबाईंच्याच पर्समध्ये ठेव.